लाकडी जहाजाला समुद्रापेक्षा पाऊस वाईट

तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर बोद्रुम, मार्मारिस, बोझबुरून या पट्ट्यात गुलेत नावाची लाकडी जहाजं बांधतात. दोन-तीन डोलकाठ्या, मागची बाजू गोलसर, डेक ऐसपैस, एकूण स्कूनर, म्हणजे अनेक डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजांच्या, घराण्यातलंच प्रकरण. पूर्वी यातून मासे, समुद्री स्पंज आणि माल जायचा, आता टुरिस्ट जातात. फोटो बघून आपलंही एक असावं असं वाटतंच, आणि घेणारे घेतातही, पण घेतल्यावर मालकाचा अर्धा जन्म लाकडातलं पाणी सांभाळण्यात जातो.

लाकूड पाणी प्यायलं की रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंत पाणी पेशींच्या भिंतीत शिरतं आणि तोवरच फुगणं चालतं, पुढचं पाणी नुसतं पोकळीत साठतं. जुन्या पद्धतीत फळीला फळी लावून मधल्या फटीत कापसाची वात ठासतात, वरून पुट्टी, आणि जहाज पाण्यात उतरलं की फळ्याच फुगून एकमेकींना दाबतात, फट बंद. म्हणजे जहाज कोरडं राहण्यासाठी त्याचं लाकूड ओलं पाहिजे! उन्हाळाभर किनाऱ्यावर काढून ठेवलं तर फळ्या आकसतात, मग परत पाण्यात सोडल्यावर फळ्या फुगेपर्यंत पंप चालू ठेवून आत येणारं पाणी बघत बसायचं. नवख्या मालकाची झोप तिथेच उडते.

डोलकाठीचं उलटं, ती कायम उन्हात. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडे आकसतं, हा हिशोब जुळत नाही म्हणून अखंड खोडाची डोलकाठी उभी तडकते. दिसायला भयानक, पण उभ्या भेगेने बहुतेक वेळा काही बिघडत नाही कारण धागे तुटलेले नसतात. आडवी बारीक रेघ दिसली तर मात्र घाबरायचं. दोन्ही बाजूंच्या ताणलेल्या तारा डोलकाठीला सतत खाली दाबत असतात, त्यामुळे ती वाकून मोडण्याचा धोका मोठा, आणि ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. याचा एक मस्त फायदा आहे, आतून निम्म्या व्यासाचं भोक ठेवून पोकळ डोलकाठी केली तर वजन पाव भागाने घटतं आणि ताठपणा जातो फक्त सोळावा हिस्सा. उंचावरचं वजन जहाजाला हेलकावे खायला लावतं, त्यामुळे हा सौदा चांगलाच. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचं लाकूड आवडतं तेही यासाठीच, हलकं आणि ताठ.

आता कुजण्याबद्दल. कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि मीठ तिला मानवत नाही. त्यामुळे पाण्याखालचं लाकूड टिकतं आणि पावसाचं गोडं पाणी डेकच्या सांध्यातून, डोलकाठीच्या बुडातून मुरलं की तिथे कुजतं. म्हणून लाकडी डेक समुद्राच्याच पाण्याने धुतात. पूर्वी अमेरिकेतल्या स्कूनर बांधणारे तर फळ्यांच्या मागे चक्क मीठ भरून ठेवायचे.

पण समुद्र अगदी साधा नाही हं. तेरेदो नावाचा प्राणी, दिसतो अळीसारखा पण आहे शिंपल्याचा भाऊबंद, इवल्याशा शिंपल्यांनी लाकूड कोरत आत जातो आणि कल्ल्यांमधल्या जीवाणूंच्या मदतीने ते पचवतो. बाहेरून टाचणीएवढं भोक, आतून सगळं पोखरलेलं. सायप्रसजवळ सापडलेल्या इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या किरेनिया जहाजाच्या तळाला शिशाचे पत्रे ठोकलेले होते, म्हणजे हा त्रास तेव्हाही होताच. आज शिशाऐवजी विषारी रंग लावतात आणि तो पुन्हा पुन्हा लावत राहावा लागतो.

शिडांचं सांगायचं तर एका उंच डोलकाठीऐवजी दोन बेताच्या घेतल्या की शिडं लहान होतात, वाऱ्याचा जोर खालच्या पातळीवर येतो आणि कमी माणसांत काम भागतं. पण गुलेत जड, अंगाने रुंद, खालचा कणा उथळ. वाऱ्याच्या तोंडाशी ५०-६० अंशांचा कोन ठेवूनच ती पुढे सरकते. वेगालाही मर्यादा, पाण्यातली लांबी १६ मीटर असेल तर साधारण पावणेदहा नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल), त्यापुढे जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागतं. खरं सांगायचं तर बऱ्याच टुरिस्ट गुलेत इंजिनावरच चालतात आणि शिडं शोभेला, मला हे जरा खटकतंच. बोद्रुममध्ये १९८९ पासून अशा लाकडी जहाजांची शर्यत भरते, तिथे तरी ती उघडतात.

उन्हाळ्यात तिथे मेल्तेमी वाहतो, उत्तरेचा कोरडा, जोरदार वारा, आकाश निळंशार आणि समुद्र खवळलेला. बाल्कनवर, म्हणजे युरोपच्या आग्नेय भागावर, हवेचा दाब जास्त आणि अनातोलियावर, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागावर, कमी, म्हणून हा वारा. हा कमी दाबाचा पट्टा इराणमार्गे थेट आपल्या मान्सूनच्या कमी दाबाला जोडलेला आहे. भारतावर मान्सूनमध्ये वर चढणारी हवा पश्चिमेकडे जी हालचाल घडवते तिच्यामुळे पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली उतरते, ढग टिकत नाहीत. म्हणजे कोकणात धो धो पाऊस आणि तुर्कस्तान-ग्रीसमधल्या एजियन समुद्रावर कडकडीत ऊन, दोन्हींत हात एकाच यंत्रणेचा.

हल्ली बऱ्याच गुलेत महोगनी लाकडाच्या पातळ थरांना इपॉक्सी या कृत्रिम डिंकाने चिकटवून बांधतात, फुगण्या-आकसण्याची कटकट कमी, पण कुठून पाणी आत गेलं तर ते बाहेर यायला वाट नाही. जुनी विकत घ्यायची असेल तर आधी डोलकाठीच्या बुडाशी टोचा घालून बघावा, लाकूड मऊ लागलं तर किंमत पाडून मागावी. व्हार्निश असेल तर काळा पडलेला भाग निदान दिसतो, ताज्या रंगाची डोलकाठी मात्र दोनदा तपासावी.