सात वर्षांत माणूस नवा? छे!

तलावपाळीवर सकाळच्या फेरीनंतर आमच्या कट्ट्यावरचे एक काका ठासून सांगतात, "दर सात वर्षांनी शरीर अख्खं नवं होतं, जुनी एक पेशी उरत नाही!" व्हॉट्सअॅपवरही हे कधीचं फिरतंय. पण ते खरं नाही.

सगळ्या पेशींचं वेळापत्रक एक नसतंच. आतड्याचं अस्तर तीन-पाच दिवसांत बदलतं, रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस टिकतात. ही भरपाई होते सूत्री विभाजनातून : 46 गुणसूत्रांची नक्कल निघते आणि दोन्ही पेशींना 46-46 मिळतात. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी मात्र आयुष्यभर त्याच. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) पेशी जन्मताना तिच्या डीएनएत जेवढा शिरतो तेवढाच राहतो; तो मोजून पेशीचं वय काढत स्वीडनच्या संशोधकांनी हे दाखवलं. (अणुबाँबचा एवढा तरी उपयोग!)

खरी गंमत स्त्रीबीजाची. त्याचं अर्धगुणसूत्री विभाजन (ज्यात गुणसूत्रं निम्मी होतात) मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. पुढे सरकतं ते वयात आल्यावर, महिन्याला साधारण एका बीजात. शेवटचा टप्पा तर शुक्राणू आत शिरल्यावरच पुरा होतो. म्हणजे काकांची नात ज्या बीजातून झाली, ते काकूंच्या पोटात वाढणाऱ्या लेकीच्या अंगात तेव्हाच तयार होतं, अर्ध्यावर थांबलेलं.