इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती: अर्ज कुठे करायचा आणि कागद कोणते लागतात

इरास्मस मुंडसचा फॉर्म कुठे मिळतो, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. उत्तर असं, की सगळ्यांसाठी एकच फॉर्म मुळात नाहीच. युरोपातल्या वेगवेगळ्या विद्यापीठांत मिळून मास्टर्स करण्यासाठी २००४ पासून सुरू असलेल्या या योजनेला पैसा युरोपीय संघ देतो आणि मान्यताप्राप्त मास्टर्स कार्यक्रमांची अधिकृत यादीही संघाकडेच असते. निवड मात्र प्रत्येक कार्यक्रम चालवणारा विद्यापीठांचा गट, म्हणजे कॉन्सॉर्टियम, स्वतः करतो. त्यामुळे पात्रतेचे बारीक निकष, मुदत, कागद, गुणांकन सगळं कार्यक्रमागणिक बदलतं. ओळखीतल्या कुणी तरी गेल्या वर्षी काय जोडलं होतं, ते तुमच्या कार्यक्रमाला लागू होईलच असं नाही.

अर्ज थेट त्या कार्यक्रमाच्या पोर्टलवर करायचा. प्रवेशाचा अर्ज हाच शिष्यवृत्तीचाही अर्ज असतो, पण शिष्यवृत्तीसाठी विचार व्हावा की नाही, हे फॉर्ममध्ये बऱ्याचदा वेगळं विचारतात. तिथे खूण करायची राहून गेली, तर तुम्ही स्वखर्चाने शिकणार असं धरलं जाऊ शकतं. मुदतीचंही तसंच. अनेक ठिकाणी दोन तारखा असतात: शिष्यवृत्तीची आधीची, स्वखर्चवाल्यांची नंतरची. आपली तारीख पहिली. साधारणपणे ऑक्टोबर ते जानेवारी हा अर्जाचा हंगाम आणि वर्ग त्यानंतरच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात.

मिळतं काय? दरमहा १४०० युरो, कार्यक्रमाच्या पूर्ण कालावधीसाठी, जास्तीत जास्त २४ महिने. शिक्षण शुल्क आणि विमा यांचा भार विद्यार्थ्यावर नसतो. मात्र विमानाचं तिकीट, व्हिसा, घरभाडं, जेवणखाण हे सगळं त्या १४०० मध्येच बसवायचं. लहान विद्यापीठी गावात ते नीट जमतं, महागड्या राजधानीत ओढाताण होते. शिवाय पहिला हप्ता बहुधा तिकडे पोहोचून नाव नोंदवल्यावर जमा होतो. तेव्हा ‘पूर्ण खर्चाची’ हे शब्द ऐकून हुरळू नका. तिकीट, व्हिसा आणि घराची अनामत यापुरते पैसे आधी हाताशी हवेत.

पात्रतेच्या मूळ अटी सोप्या आहेत. पदवी हवी. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज चालतो, पण कार्यक्रम सुरू होण्याआधी पदवी हातात पडली पाहिजे. वयाची अट नाही. पूर्वी ही शिष्यवृत्ती घेतली असेल तर पुन्हा मिळत नाही. शिक्षण किमान दोन देशांत घ्यावं लागतं. तुमची तीन वर्षांची पदवी चालेल का, विषय जुळतो का, याचा संशय असेल तर अर्ज भरण्याआधी कार्यक्रमाच्या समन्वयकाला ईमेल करून विचारा.

एका नियमाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. कार्यक्रमाच्या मंजूर कालावधीतल्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी सर्वसाधारणपणे १० टक्क्यांहून अधिक एकाच राष्ट्रीयत्वाच्या विद्यार्थ्यांना देता येत नाहीत. काही ठरावीक प्रदेशांसाठी वेगळा निधी असतो, तो यात धरत नाहीत. भारतातून अर्ज भरपूर येतात, त्यामुळे तुमची खरी चुरस इतर भारतीय अर्जदारांशीच असते. माझ्या मते डेटा सायन्ससारख्या गर्दीच्या विषयामागे धावण्यापेक्षा यादी पूर्ण वाचावी. पाणी, वारसा जतन, अन्नशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, अनुवाद असे कितीतरी विषय तिथे सापडतात. एका वर्षी तीनच कार्यक्रमांना अर्ज करण्याची जुनी मर्यादा आता राहिलेली नाही. म्हणून दहा ठिकाणी एकच उद्देशपत्र, म्हणजे हा कार्यक्रम का हवा ते सांगणारं पत्र, पाठवायचं असा त्याचा अर्थ नव्हे. दोन-तीन अर्ज मन लावून केलेले बरे.

कागदांपैकी पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल, सर्व सत्रांच्या मार्कशीट आणि सीव्ही जवळपास सगळीकडे लागतात. सीव्ही काही कार्यक्रम युरोपास, म्हणजे युरोपीय संघाच्या ठरावीक नमुन्यातच मागतात. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा एकत्रित अधिकृत दाखला, मिळायला वेळ लागतो, ते काम सगळ्यात आधी हाती घ्या. राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला असेल, तर तो किती जुना चालेल तेही पाहा. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस किंवा टोफेल या परीक्षेचे गुण. ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं’ हे कॉलेजचं पत्र काही कार्यक्रम स्वीकारतात, काही साफ नाकारतात. त्या पत्राच्या भरवशावर परीक्षा टाळू नका.

शिफारसपत्रं बहुधा दोन. काही पोर्टल प्राध्यापकांना थेट लिंक पाठवतात आणि तिची मुदतही तुमच्या मुदतीबरोबरच संपते. त्यांना महिनाभर आधी सांगा, सोबत तुमचा सीव्ही आणि उद्देशपत्राचा मसुदा द्या. ‘विद्यार्थी मेहनती व नम्र आहे’ अशा छापील पत्राचा उपयोग शून्य. ज्यांनी तुमचा प्रकल्प तपासला, त्या साध्या अधिव्याख्यात्याचं पत्र प्राचार्यांच्या लेटरहेडपेक्षा वजनदार ठरतं.

उद्देशपत्र वाचणारे त्या गटातल्या विद्यापीठांचे प्राध्यापक असतात. लहानपणापासूनच्या आवडीत त्यांना रस नसतो. पहिलं सत्र या देशात आणि दुसरं त्या देशात, ही रचना तुमच्या कामाला का हवी, कोणत्या विद्यापीठातला कोणता विषय तुमच्या पदवीत राहिलेली उणीव भरतो, हे लिहा. कार्यक्रमाचं नाव बदलून तेच पत्र दुसरीकडे पाठवता येत असेल, तर ते अजून पुरेसं लिहून झालेलं नाही.

निकाल साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कळतात. काही कार्यक्रम त्याआधी मुलाखतही घेतात. उत्तर तीन तऱ्हेचं असू शकतं: मुख्य यादी, राखीव यादी, किंवा शिष्यवृत्तीविना प्रवेश. राखीव यादी खरोखर हलते, कारण अनेक ठिकाणी निवड झालेले उमेदवार एकच जागा ठेवून बाकीच्या सोडतात. शिष्यवृत्तीविना प्रवेश मिळाला, तर ‘पुढे कधीतरी मिळेल’ या आशेवर शुल्क भरू नका.

निवड झाल्यावर पहिल्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढायचा. शिष्यवृत्तीचं पत्र तिथे आर्थिक पुरावा म्हणून कामी येतं. काही देश पदवीवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात मान्य होणारा, शिक्का मागतात. तो परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो आणि त्याआधी राज्य पातळीवर पडताळणी लागते. दुसऱ्या देशात जाताना राहण्याच्या परवान्याची प्रक्रिया पुन्हा करावी लागू शकते, म्हणून शिक्के मारलेले मूळ कागद घरी ठेवून जाऊ नका.