एसी लोकलचा वाद आणि २०२२ चे सहा महिने

मध्य रेल्वेवर एसी लोकलचा विषय निघाला की चर्चा भाड्यापाशी जाऊन थांबते. भाडं महत्त्वाचं आहेच. पण या वादाचं मूळ वेळापत्रकात आहे: साध्या गाड्या काढून त्यांच्या जागी एसी गाड्या आणल्या गेल्या. ते कळायला फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२२ हे सहा महिने नीट पाहावे लागतात.

१८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी आणि १९२५ ची कुर्ल्यापर्यंतची विजेवरची गाडी सगळ्यांना ठाऊक आहे. या विषयापुरतं लक्षात घ्यायचं ते एवढंच, की पुढच्या काळात नोकरदार कुटुंबं गिरगाव, दादर, परळ सोडून डोंबिवली, कल्याण, बदलापूर, टिटवाळ्यापर्यंत सरकत गेली आणि बहुतेक कचेऱ्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. रोज जाऊन-येऊन तीन-चार तास गाडीत घालवायचे म्हटल्यावर माणसांनी त्या तासांतच संसार मांडला. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेलं दार. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्धं टेकलेल्याला ठाण्यानंतर आत सरकवून घ्यायचं, उभ्या असलेल्याला अर्ध्या वाटेत उठून जागा द्यायची, हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण पाळले जातात. टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळं, दसऱ्याच्या आधी डब्याला लागणारी तोरणं, बायकांच्या डब्यातलं हळदीकुंकू, घरी पोहोचेपर्यंत निवडून झालेली मेथी, निवृत्त होणाऱ्या सोबत्याचा शेवटच्या दिवशी होणारा सत्कार हे सगळं त्यातलंच. त्रासही तिथलाच: दार अडवणारे घोळके, बसायला मिळावं म्हणून आधी उलट्या दिशेने जाऊन येणाऱ्यांवरून होणारी भांडणं, ऐनवेळी बदललेला फलाट, पावसात गळणारी खिडकी.

हे सारं ‘लोकल’ नावाच्या गोष्टीला चिकटलेलं नाही, सकाळच्या एका विशिष्ट मिनिटाला सुटणाऱ्या गाडीला चिकटलेलं आहे. ती गाडी गेली की घोळका फुटतो. नवं वेळापत्रक आखताना हा हिशेब कुणी धरल्याचं दिसत नाही.

पहिला एसी रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला अख्खा संच, २०१६ साली चेन्नईहून आला तो मध्य रेल्वेकडेच. पण त्याची उंची आणि या मार्गावरचे ब्रिटिशकालीन ठेंगणे पूल यांचं जमेना, म्हणून तो पश्चिम रेल्वेला गेला आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला धावला. मध्य रेल्वेवर एसी लोकल आली ती जानेवारी २०२० च्या अखेरीस, ठाणे-पनवेल मार्गावर. सीएसएमटी-कल्याण या मुख्य मार्गावर ती त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोहोचली, तेव्हा करोनामुळे गाड्यांत गर्दीच नव्हती. त्यामुळे खरी परीक्षा लांबली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. या कामासाठी प्रवाशांनी एक तपाहून जास्त वाट पाहिली होती, कामासाठी तासन्‌तास गाड्या बंद ठेवणारे जम्बो ब्लॉक सोसले होते. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या की लोकलच्या फेऱ्या वाढतील, हे आश्वासन प्रत्येक ब्लॉकच्या वेळी ऐकवलं गेलं. फेऱ्या वाढल्या, ३६. त्यांतल्या ३४ एसी होत्या. साध्या पासवर प्रवास करणाऱ्याच्या वाट्याला इतक्या वर्षांनी दोन फेऱ्या आल्या.

तरीही त्या फेऱ्या निदान नव्या होत्या. ५ मे २०२२ पासून एसी लोकलचं एका प्रवासाचं भाडं निम्मं झालं, गर्दी वाढली, आणि त्या आधारावर पुढची पावलं पडली. पासचे दर मात्र उतरले नाहीत, आणि रोजचा प्रवासी पासवर जगतो. मे महिन्यातच हार्बर मार्गावरचे एसी रेक मुख्य मार्गावर आणून साध्या फेऱ्यांच्या जागी चालवले गेले. १९ ऑगस्टला आणखी १० साध्या फेऱ्यांचं एसी फेऱ्यांत रूपांतर झालं आणि एकूण आकडा ५६ वरून ६६ वर गेला. घोषणेत ६६ हा आकडा वाढ म्हणून आला. फलाटावर उभ्या असलेल्या माणसासाठी १० गाड्या कमी झाल्या होत्या, आणि त्या गाड्यांची गर्दी मागून येणाऱ्या साध्या गाडीत कोंबली जाणार होती.

त्याच सकाळी कळव्याला कारशेडमधून, म्हणजे गाड्या उभ्या ठेवायच्या आगारातून, निघालेली एसी गाडी प्रवाशांनी अडवली. कळवाच का, हे बाहेरच्यांना कळलं नाही. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. धीम्या गाड्या कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येतात. मग कळवेकर कारशेडातून ठाण्याकडे निघालेल्या रिकाम्या गाडीत चढायचे. ते नियमात बसत नव्हतं आणि धोक्याचं होतं, पण तेवढी एकच सोय त्यांना होती. बंद दारांच्या गाडीने तीही गेली. दोन-तीन दिवसांत बदलापूरला संध्याकाळची गाडी एसी झाली म्हणून लोक स्टेशनमास्तरांच्या दालनाबाहेर जमले. त्यांची अडचण आणखी वेगळी होती: कल्याणपलीकडे कर्जतच्या दिशेला दोनच मार्गिका, त्यांवरूनच मालगाड्या आणि मेल-एक्स्प्रेस. तिथे एक गाडी गेली की बदली गाडी अर्ध्या तासाने येऊ शकते. २५ ऑगस्टपासून त्या १० फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

आंदोलकांना तेव्हा ‘प्रगतीचे विरोधक’ म्हटलं गेलं, ते अन्यायाचं होतं. एसी नको असं कुणी म्हणत नव्हतं. आहे त्या गाडीच्या जागी नको, जास्तीची चालवा, ही मागणी होती, आणि ती रास्त होती.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जीव गेले. त्याच दिवशी साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. दारांना हवा येण्यासाठी झडपा, छतावरून हवा खेळवण्याची यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जायला वाट, असा तो आराखडा. दरवाजे हवेतच. पण सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीला ते बंद कसे होणार, हा प्रश्न प्रवासी संघटना विचारत आहेत, आणि त्यासोबतच्या मागण्या जुन्याच आहेत: धीम्या मार्गावरही १५ डब्यांच्या गाड्या, कळवा-मुंब्र्याला गर्दीच्या वेळी जलद गाड्यांना थांबा, आणि साध्या फेऱ्यांना हात न लावता वाढवलेल्या एसी फेऱ्या.