दुसरा पेढा मिळेलच कशावरून?

माझा साडेचार वर्षांचा भाचा सुट्टीत आमच्याकडे राहायला आला, तेव्हा मी त्याच्यावर एक जगप्रसिद्ध प्रयोग करून पाहिला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बशीत एक पेढा ठेवला आणि म्हटलं, "मी जरा गच्चीवर जाऊन येतो. मी येईपर्यंत हा खाल्ला नाहीस तर अजून एक देईन. मध्येच खाल्लास तर एवढाच." त्याने पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा, तू राणीच्या बागेत नेणार होतास ना?" दोन रविवार मी ती गोष्ट पुढे ढकलत होतो. "नेईन रे, नक्की नेईन," असं म्हणून जिना चढायला लागलो. गच्चीच्या दारापर्यंतही पोचलो नव्हतो तोच खालून आरोळी आली, "खाल्लाऽऽ!"

बहिणीचा निकाल तयारच होता. "मोबाइल, दुसरं काय! मागवलेली वस्तू दहा मिनिटांत दारात येते, कार्टून एका बोटावर पुढे सरकतं. या पोरांना दम कसा निघणार?" मला मात्र राणीच्या बागेचा प्रश्न टोचत राहिला. पेढा आणि पेंग्विन यांचा काहीतरी संबंध आहे, हे त्या पोराला माझ्याआधी कळलं होतं.

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचा. १९३० साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या तावडीतून सुटून कुटुंबासह अमेरिकेत आला आणि ब्रुकलिनमध्ये वाढला. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक असताना, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, त्याने विद्यापीठाच्याच बिंग बालवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एकेक करून एका छोट्या खोलीत बसवायला सुरुवात केली. खोलीत टेबल, खुर्ची, टेबलावर खाऊ आणि एक घंटी. खाऊ म्हणजे बिस्किट, प्रेट्झेल किंवा मार्शमेलो, म्हणजे साखर-जिलेटिनची ती पांढरी, कापसासारखी मिठाई. थांबवेनासं झालं तर घंटी वाजवायची, की प्रयोग करणारी व्यक्ती लगेच परत येणार आणि एकच खाऊ मिळणार. ती आपणहून परत येईपर्यंत कळ काढली तर जास्तीचा खाऊ. ही वाट साधारण पंधरा मिनिटांची. साडेचार वर्षांच्या मुलाला पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे ज्याने लग्नाच्या पंगतीत अशा मुलाला "वदनी कवळ" होईपर्यंत मांडीवर धरून ठेवलं आहे त्याला विचारा.

कोण थांबतं आणि कोण नाही, हे मिशेलला मोजायचं नव्हतंच. थांबणारी मुलं ते जमवतात कसं, हे त्याला पाहायचं होतं. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातले आकडे बोलके आहेत. दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर ठेवले तेव्हा मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. दोन्ही नजरेआड ठेवले तेव्हा तीच सरासरी अकरा मिनिटांच्या वर गेली. वय तेच, बालवाडी तीच, फरक फक्त खाऊ दिसतो की नाही एवढाच! ज्यांनी खाऊ समोर असूनही निभावलं, त्यांनी तो आपल्यापुरता नाहीसा केला होता. कोणी डोळ्यांवर हात धरले, कोणी पाठ फिरवून बसलं, कोणी स्वतःशीच गाणी म्हटली, कोणी टेबलावर डोकं ठेवून झोपायचा प्रयत्न केला. पुढच्या प्रयोगांत मुलांना सांगून पाहिलं, की समोरचा मार्शमेलो म्हणजे पांढरा ढग आहे असं समज, किंवा ते नुसतं चित्र आहे, मनातल्या मनात त्याला चौकट लाव. एवढ्या सूचनेनेही मुलं कितीतरी जास्त वेळ थांबली. उलट "तो किती गोड, किती मऊ लागेल" याचा विचार करायला सांगितलं की संपलंच. ज्याला आपण मनोनिग्रह म्हणतो त्यात निग्रहापेक्षा युक्तीचा भाग मोठा, आणि युक्ती शिकवता येते. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला हाच सर्वांत उपयोगी भाग. आणि नेमका तोच कोणाच्या लक्षात राहिला नाही.

लक्षात राहिलं ते दुसरंच. मिशेलच्या मुली त्याच बालवाडीत होत्या. त्यांच्या वर्गमित्रांचं पुढे काय चाललंय हे जेवणाच्या टेबलावर कानी पडायचं आणि त्यातून त्याला शंका आली, की लवकर घंटी वाजवणाऱ्यांची गाडी शाळेतही अडखळते आहे की काय. त्याने जुन्या मुलांचा माग काढला. १९९० साली त्याने आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की जी मुलं जास्त वेळ थांबली होती त्यांना पुढे अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण पडले. झालं! मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे विज्ञानाने सिद्ध केलं म्हणून व्याख्यानं सुरू झाली. आपल्याकडच्या पालकसभांतही ही गोष्ट मी स्वतः तीनदा तरी ऐकली आहे. तिन्ही वेळा वक्त्याने मार्शमेलोचं चॉकलेट केलं होतं, ते एक वेळ चालेल. पण ज्या नेमक्या परिस्थितीत थांबण्याचा गुणांशी ठळक संबंध दिसला, त्या गटात मुलं होती फक्त ३५. तीही बहुतांशी स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांची आणि उच्चशिक्षितांची. स्वतः मिशेल मंडळींनी निबंधात जपून बोलण्याचा इशारा दिला होता. तो व्याख्यानांपर्यंत पोचला नाही.

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून जास्त अमेरिकन मुलांची माहिती तपासली. यातल्या बऱ्याच मुलांच्या आया कॉलेजची पदवी न घेतलेल्या होत्या, म्हणजे गट स्टॅनफर्डपेक्षा पुष्कळच सर्वसाधारण. चौथ्या वर्षी थांबणं आणि पंधराव्या वर्षीचा अभ्यास यांत संबंध दिसला, पण जुन्यापेक्षा साधारण निम्माच. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची बौद्धिक वाढ हे हिशोबात धरल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश गळून गेला. उरलेला फरकही बहुतेक करून पहिल्या वीस सेकंदांतला. जी मुलं तेवढीही थांबली नाहीत ती आणि बाकीची, इतकाच. सात मिनिटं काढणाऱ्याने दोन मिनिटं काढणाऱ्यापुढे फारशी बाजी मारली नव्हती.

आता राणीच्या बागेकडे येतो. सेलेस्ट किड या संशोधिकेने विद्यार्थिदशेत बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात काम केलं होतं. तिथल्या मुलांसमोर बशीत मार्शमेलो ठेवला तर काय होईल, असा विचार तिच्या मनात आला. जिथे हातातली वस्तू कोणीही कधीही हिसकावून नेतं, तिथे मूल तो लगेच तोंडात टाकेल, आणि तेच शहाणपणाचं ठरेल. पुढे रॉचेस्टर विद्यापीठात तिने आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. खाऊच्या आधी प्रत्येक मुलाला चित्र रंगवायला बसवलं. हाताशी वापरून झिजलेले खडू. "थोडं थांबलास तर मी छान नवे खडू आणते," असं सांगून बाई बाहेर गेल्या. एका गटात त्या खरोखरच मोठा संच घेऊन आल्या. दुसऱ्या गटात रिकाम्या हाताने: "सॉरी, माझी चूक झाली, नवे खडू नाहीतच." मग स्टिकरच्या बाबतीतही तसंच. आणि त्यानंतर मार्शमेलो. दिलेला शब्द पाळलेल्या गटातल्या १४ पैकी ९ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटं काढली, सरासरी १२ मिनिटं. दोनदा फसवलेल्या गटात शेवटपर्यंत थांबलं एकच मूल, आणि सरासरी तीन मिनिटं. मुलांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती, तेव्हा एका गटात जात्याच धीराची मुलं पडली असं म्हणायला जागा नाही. अर्ध्या तासात बदलला होता तो समोरच्या माणसावरचा भरवसा.

गंमत म्हणजे हा धागा मिशेलच्या हाती स्टॅनफर्डच्याही आधी लागला होता, आणि तोही आपल्या माणसांमुळे. १९५०च्या दशकात तो त्रिनिदादला गेला होता. तिथे आफ्रिकी वंशाचे लोक आणि ऊसमळ्यांसाठी करारावर नेलेल्या भारतीयांचे वंशज शेजारी-शेजारी राहत. भारतीय म्हणत, हे लोक आज मिळालं ते आजच उडवतात. आफ्रिकी म्हणत, हे पैसे गादीखाली दडपतात, यांना जगता येत नाही. मिशेलने मुलांना विचारलं, आत्ता एक सेंटची मिठाई हवी की पुढच्या आठवड्यात दहा सेंटची? वंशाचा फरक थोडाफार दिसला. पण ज्यांच्या घरात वडील नव्हते, त्या मुलांनी आत्ताची मिठाई निवडण्याकडे कल दाखवला. एका अनोळखी गोऱ्या माणसाने पुढच्या आठवड्याचा वायदा केला, तर तो येईलच कशावरून? हा १९५८चा निबंध आहे. म्हणजे आधी उत्तर सापडलं होतं आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षं सगळे प्रश्न शोधत बसले.

भरवशाच्या जोडीला सवय येते. कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या चार वर्षांच्या शेतकरी मुलांना आणि जर्मनीतल्या शहरी मुलांना हीच परीक्षा दिली, तेव्हा न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के शेवटपर्यंत थांबली, जर्मन मुलांपैकी ३० टक्केही नाहीत. न्सो मुलांनी चुळबुळ फारशी केली नाही, काही तर बसल्या जागी झोपून गेली. २०२२ मधला एक अभ्यास याहून मजेदार. जपानी मुलं खाऊसाठी अमेरिकन मुलांपेक्षा कितीतरी जास्त थांबली. पण खाऊऐवजी गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली, तेव्हा पारडं फिरलं आणि अमेरिकन मुलं जास्त थांबली. जपानात सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. अमेरिकेत नाताळच्या झाडाखालची खोकी दिवसचे दिवस बघत राहायची, फोडायची नाहीत. ज्याची तालीम झाली, त्यात धीर आला.

हे वाचताना मला गणेश चतुर्थी आठवली. मोदकपात्राचं झाकण निघतं, वाफेबरोबर गूळ-वेलदोड्याचा वास घरभर जातो, आणि घरातलं सगळ्यांत हावरट पोरही "अजून नैवेद्य व्हायचाय" एवढ्या तीन शब्दांवर थांबतं. आरत्या मात्र लांबत जातात, कोणाला तरी "घालीन लोटांगण" नंतरही उत्साह उरलेला असतो. तरी ते पोर थांबतं. मोदकावर असं कोणी संशोधन केल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण मला निकालाबद्दल फारशी शंका नाही. गेल्या वर्षीही आरतीनंतर मोदक मिळाला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. बाप्पाने शब्द मोडलेला नाही.

मग बहिणीचं म्हणणं? मोबाइलने पोरांचा दम घालवला, हे? अमेरिकेत हेही तपासलं गेलं आहे. स्टेफनी कार्लसन आणि सहकाऱ्यांनी १९६०, १९८० आणि २०००च्या दशकांतल्या मुलांची तुलना केली. त्याआधी साडेतीनशेहून जास्त प्रौढांना अंदाज विचारला होता. चारांतल्या तिघांनी सांगितलं, आजची मुलं कमी थांबतील. निघालं उलटंच. २०००च्या दशकातली मुलं साठच्या दशकातल्या मुलांपेक्षा सरासरी दोन मिनिटं जास्त थांबली, ऐंशीच्या दशकातल्यांपेक्षा एक मिनिट. असं का, यावर अजून तर्कच चालू आहेत: मुलं लवकर बालवाडीत जाऊ लागली, पालकांची तऱ्हा बदलली, वगैरे. हे आकडे अमेरिकेतले आणि स्मार्टफोन हातोहाती जाण्याआधीचे आहेत हे खरं, तेव्हा त्यावरून ठाण्या-पुण्यातल्या आजच्या मुलांबद्दल पैज लावू नये. पण "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य आकड्यांपुढे टिकलं नाही, एवढं खरं.

आणि उतावळेपणा फक्त मुलांचा कुठे असतो? आज १०० रुपये हवेत की उद्या ११०, असं विचारलं तर पुष्कळ जण आजचे शंभर घेतात. वर्षभराने १०० की वर्ष आणि एका दिवसाने ११०, असं विचारलं तर तेच लोक म्हणतात, एका दिवसाने काय बिघडतंय, ११० द्या. थांबायचा दिवस एकच, वाढीव रुपये तेच दहा. जवळ आलेली गोष्ट अवाजवी मोठी दिसते. कबुतरांनाही दिसते. हॉवर्ड रॅकलिन आणि लिओनार्ड ग्रीन यांनी १९७२ साली कबुतरांना थोडे दाणे लगेच आणि जास्त दाणे थोड्या वेळाने, असा पर्याय दिला. कबुतरं लगेचच्या दाण्यांवर तुटून पडली. पण बरंच आधी एक कळ दाबून तो मोहाचा पर्यायच बंद करता येतो असं केल्यावर त्यातली बरीचशी ती कळ दाबायची. म्हणजे आपलाच हात आपणच आधी बांधायचा.

आमच्या आईच्या भिशीत बारा बायका आहेत. दर महिन्याला ठरलेली रक्कम, एक चिठ्ठी, एकीचा नंबर. पहिल्याच महिन्यात नंबर लागलेली बाई पुढचे अकरा महिने बिनबोभाट पैसे भरते. घरात ठेवले तर पैसे खर्च होतात हे त्यांना पुरतं ठाऊक आहे, म्हणून कळ आधीच दाबून टाकायची. ना करारपत्र, ना व्याज. शेवटच्या नंबरच्या बाईने अकरा महिने कोणत्या बळावर थांबायचं? तर बाकीच्या अकरा जणींच्या. ज्या भाषेत "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये" आहे आणि "थांबला तो संपला"ही आहे, त्या भाषेतल्या बायकांनी कधी थांबायचं आणि कोणासाठी, याचा हिशोब पक्का केलेला दिसतो.

त्या रविवारी मी मुकाट्याने भायखळ्याला गेलो. रांगेत उभं राहून पेंग्विन पाहिले, हत्ती पाहिला, एक फुगाही घ्यावा लागला. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा बशी मांडली. या वेळी मी मुद्दाम जास्त वेळ घेतला, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणीही घालून झालं. खालून कितीतरी वेळ "सुखकर्ता दुःखहर्ता"चं पहिलं कडवं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. दुसरं त्याला येत नाही. दहा मिनिटांनी खाली उतरलो तर पेढ्यावर वाटी पालथी घातलेली. उचलून पाहिलं, पेढा जागेवर होता. वरचा पिस्ता नव्हता. पिस्त्याचं तू काही बोलला नव्हतास, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि दुसऱ्या पेढ्यासाठी त्याने हात पुढे केला.