देऊळ आलं की अर्धाच ट्रेक झाला: शनिवार-रविवारच्या कॅम्पला येणाऱ्यांनी आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

बुकिंग झालं, ग्रुपवर सगळ्यांचे अंगठेही आले. आता फोन सुरू होतील आणि दर बॅचला प्रश्न तेच असतात, चढ किती आहे, दम लागेल का, थंडी वाजेल का, टॉयलेटचं काय. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय. थोडं लांबलंय, पण निघायच्या निदान आठवडाभर आधी वाचा, कारण यातल्या काही गोष्टी आदल्या रात्री करता येत नाहीत. बूट हे त्यातलं पहिलं.

कार्यक्रम साधा आहे. शनिवारी दुपारी पायथ्याशी पोचायचं, टेंट लावायचे, मुक्काम, रविवारी पहाटे अंधारातच चढायला लागायचं, माथ्यावरचं देऊळ, दर्शन, तासभर बसणं आणि खाली. गंमत अशी की हे वाचताना सगळ्यांच्या डोक्यात ट्रेक देवळापाशीच संपतो. मग लोक सगळा जोर चढताना लावतात, पाणी वरच संपवतात, आणि उतरायला लागले की पाय लटपटतात. आमच्याकडे आत्तापर्यंत जे घोटे मुरगळले, जे लोक घसाऱ्यावरून बुडावर घसरत आले, ते जवळजवळ सगळे उतरताना. म्हणून आमचं एकच सांगणं असतं, देवळात पोचाल तेव्हा अंगात निम्मी ताकद आणि बाटलीत निम्मं पाणी उरलेलं पाहिजे.

वेळ किती लागेल

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब मांडला होता, तो आजही चालतो. सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला वरून एक तास. म्हणजे ६ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर चालायचा सव्वा तास आणि चढाचा दीड, झाले पावणेतीन. पण हा हिशोब तब्येतीने चांगल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा. वीस जणांचा ग्रुप, त्यात फोटो, लेस बांधणं, पाणी पिणं, आम्ही सरळ चार तास धरतो. उतरायला निम्मा वेळ लागेल असं समजू नका, वाट खडकाळ असेल तर जवळजवळ तेवढाच लागतो.

पायऱ्या आहेत म्हणजे सोपं आहे, हाही एक गैरसमज. गिरनारला जवळपास दहा हजार पायऱ्या आहेत, जाऊन आलेल्यांना विचारा. पायवाटेवर पाऊल कुठे टाकायचं, किती उंच टाकायचं हे तुम्ही ठरवता, पायरीची उंची मात्र दुसऱ्याने ठरवलेली असते आणि हजारो वेळा तोच धक्का त्याच गुडघ्याला बसतो.

उंचीची भीती काहींना असते, म्हणजे विरळ हवेची. तो त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. उत्तराखंडमधलं तुंगनाथचं देऊळ ३,४०० मीटरच्या वर आहे, जपानच्या फुजीवर तर ३,७७६ मीटरच्या शिखरावर देवस्थान आहे, तिथे तो विचार करावाच लागतो. आपले वीकेंडचे ट्रेक त्याच्या बरेच खाली असतात. इथे धाप लागते ती पहिल्या अर्ध्या तासात धावल्यामुळे. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चढा, बोलताना वाक्य तुटायला लागलं की समजा जास्त होतंय.

आणि एक नियम आम्ही मोडत नाही. परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरते. ती वेळ झाली की जिथे असू तिथून मागे, देऊळ समोर दिसत असलं तरी. यावरून लोक चिडलेत आमच्यावर, पण अंधारात उतरण्यापेक्षा तुमचा राग परवडतो.

बूट आणि पाय

नवे कोरे बूट घालून येऊ नका, कृपया. निदान दहा-बारा दिवस घालून फिरा, जिने उतरा. घेताना संध्याकाळी घ्या कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि पुढे बोटांना जागा राहू दे, उतारावर पाय पुढे सरकतो आणि जागा नसली की अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापून या. उतरायला लागायच्या आधी लेस घोट्यापाशी घट्ट आवळायची, निम्मा त्रास तिथेच जातो.

टाचेला चुरचुरायला लागलं की लगेच सांगा. फोड यायच्या आधीची ती खूण असते, तेव्हाच चिकटपट्टी लावली तर काही होत नाही. "बघू पुढे" म्हणणारे पुढे लंगडतात. मोज्यांचे जोड दोन आणा, एक चढायला आणि दुसरा माथ्यावर बदलायला, देवळात बूट काढायचेच आहेत तर तेव्हाच कोरडे मोजे चढवायचे. काठ्या असतील तर आणा, चढताना आखूड आणि उतरताना थोड्या लांब करायच्या, गुडघ्यांवरचा भार खरंच कमी होतो.

रात्र आणि थंडी

उंची वाढली की दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे सरासरी गणित. वर वारा असतो तो वेगळा. खरी गडबड घामाने होते. चढून चढून अंग भिजलेलं असतं, माथ्यावर बसलात की दहा मिनिटांत हुडहुडी. पाणी हवेपेक्षा वीसेक पटीने जास्त वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि सुती टीशर्ट ते पाणी धरून ठेवतो. म्हणून चढताना लवकर वाळणारा टीशर्ट, आणि विंडचीटर सॅकमध्ये अगदी वर, थांबल्या थांबल्या घालायचा, थंडी वाजल्यावर नाही.

टेंटमध्ये झोपताना लोक वरून पांघरुणावर पांघरूण घेतात आणि खाली काहीच नाही. स्लीपिंग बॅग अंगाखाली दाबली जाते आणि दाबल्यावर ती गरम राहत नाही, थंडी जमिनीतून येते, म्हणून मॅट महत्त्वाची. मॅट आम्ही देतो, ती उशीला गुंडाळू नका. स्वतःची बॅग आणणाऱ्यांनी लेबलवर तापमानाचे दोन आकडे असतील तर कम्फर्टचा बघा, लिमिटचा आकडा म्हणजे त्यात आखडून कशीबशी रात्र काढता येईल एवढंच. सकाळी टेंट आतून ओला दिसतो, तो गळत नसतो, तुमच्याच श्वासाची वाफ असते. वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या, थंडी असली तरी.

टेंटच्या आत शेगडी, स्टोव्ह, निखारे काहीही नाही, अगदी पाच मिनिटंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. यावर आम्ही वाद घालत नाही.

टेंट कुठे लावायचे ते लीडर ठरवतो. कोरड्या ओढ्यातली छान सपाट वाळू, एकट्या झाडाखालची सावली, या जागा दिसायला भारी असतात पण वर पाऊस झाला तर ओढा तुम्हाला विचारून येत नाही, आणि एकट्या झाडावर वीज पडायची भीती असते. बूट रात्री टेंटमध्ये घ्या आणि सकाळी झटकूनच घाला.

वीज आणि मधमाश्या

वीज चमकल्यावर सेकंद मोजा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो, तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि आपण लगेच माथा, उघडी धार सोडून खाली निघायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. सगळ्यांना वाटतं देवळात थांबू. मोठी, वायरिंग-पाइप असलेली बंद इमारत असेल तर ठीक, पण माथ्यावरचं छोटं देऊळ, चार खांबांचा उघडा मंडप, वर ध्वजाचा लोखंडी खांब, ही विजेच्या वेळी आडोशाची जागा नाही. टेंटही नाही. खाली उभ्या गाडीत काचा लावून बसणं सगळ्यात बरं.

कड्यांना पोळी असतात. परफ्यूम मारून येऊ नका, पोळ्याजवळ धूर नको, आरडाओरडा नको. उठल्याच माश्या तर हातवारे न करता तोंड झाकून लांब पळा, काटा शक्य तितक्या लवकर काढून टाका. अ‍ॅलर्जी माहीत असेल तर आम्हाला आधीच कळवा.

पाणी, सॅक वगैरे

तासाला साधारण अर्धा लिटर धरा, गरम हवेत जास्त. नुसतं पाणीच पाणी ढोसणंही बरं नाही, घामातून मीठ जातं, तेव्हा ओआरएस आणि खारट खाऊ बरोबर असू दे. वाटेतलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

सॅक तुमच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत हवी, जड सामान पाठीला चिकटून, कमरेचा पट्टा लावूनच. हेडटॉर्च प्रत्येकाचा वेगळा, मोबाइलचा टॉर्च चालणार नाही कारण हात मोकळे लागतात. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी पटकन उतरते. शिट्टी आम्ही देतो, चुकलात तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, आणि जिथे आहात तिथेच बसायचं.

टॉयलेटचं, विचारलंच आहे तर. पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती ओढायची. टिश्यू आणि पॅड पिशवीत परत खाली, पिशव्या मागून घ्या, लाजू नका.

हृदयाचा त्रास, गरोदरपण, अलीकडचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून मगच या आणि आम्हाला सांगा. दम्याचा पंप खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी ठेवलेल्या पंपाचा उपयोग नाही. लहान मुलांना वयाची अट घालत नाही, सलग तीन तास कुरकुर न करता चालतं का ते आधी एखाद्या रविवारी बघा (मोठ्यांचंही बघा).

घरी गेल्यावर मांड्या दुखणार, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच, आणि जिना चढताना कमी, उतरताना जास्त. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात त्यामुळे असं होतं, चारेक दिवसांत जातं, थोडं चालत राहा. पण एकच गुडघा सुजला किंवा पाय टेकवताच येत नसेल तर डॉक्टरकडे जा. आणि सॅक रिकामी करताना आमची शिट्टी, मॅट काही सापडलं तर परत आणून द्या, पुढच्या शनिवारी दुसरी बॅच आहे.