‘रेफरीच्या मते’: मुलांच्या फुटबॉलमधल्या एका अधिकाराची पार्श्वभूमी

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात मुलांचे सॉकरचे सामने रंगलेले असतात आणि रेषेबाहेरचे पालक रेफरीच्या नावाने बोटं मोडत असतात. ‘मघाशी फाऊल दिला, मग आत्ता का नाही?’ न्यू जर्सीतल्या मराठी आईबाबांच्या तोंडीही हेच असतं. आता यातला निम्मा राग नियमपुस्तकावर निघायला हवा, कारण बऱ्याच गोष्टी त्याने रेफरीच्या मतावर सोडल्या आहेत, आणि त्याही जाणूनबुजून.

1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले तेव्हा त्यांत रेफरी नव्हताच. खेळणारे सभ्य गृहस्थ, तंटा झालाच तर कप्तान आपसांत मिटवतील, अशी समजूत. पुढे प्रत्येक संघ आपापला अंपायर आणू लागला. हे अंपायर कुणी अपील केलं तरच बोलायचे, क्रिकेटमध्ये आजही आहे तसं. दोघांचं एकमत झालं नाही तर मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे, म्हणजे रेफरीकडे, दाद मागायची. पैसे घेऊन खेळणारे आले, चुरस वाढली आणि ही सोय तोकडी पडली. 1891 मध्ये रेफरीला मैदानात आणलं आणि अंपायरांना लाइन्समन करून कडेला पाठवलं. त्याच वर्षी आयर्लंडच्या विल्यम मॅक्रमची पेनल्टीची, म्हणजे गोलजवळ फाऊल झाला तर समोरच्या संघाला फक्त गोलकीपरसमोर किक देण्याची, कल्पनाही मान्य झाली. सभ्य माणूस मुद्दाम फाऊल करतो असं नियमातच गृहीत धरायचं, यावर तेव्हा बरीच नाकं मुरडली गेली होती.

त्यानंतर नियमांत ‘रेफरीच्या मते’ हे शब्द जागोजागी दिसू लागले. विसाव्या शतकात बराच काळ नियमांसोबत एक टीप छापलेली असायची. खेळात कमीत कमी व्यत्यय आणा, क्षुल्लक किंवा शंकास्पद चुकांसाठी सारखी शिट्टी वाजवलीत तर खेळाडूंची डोकी फिरतात आणि बघणाऱ्यांचा विरस होतो, असा तिचा आशय. 1997 च्या फेरलेखनात ती गळली, पण अमेरिकेतल्या रेफरींच्या प्रशिक्षणात टिकून राहिली. 2016 मध्ये माजी इंग्लिश रेफरी डेव्हिड एलरे यांच्या देखरेखीखाली नियम पुन्हा लिहिले गेले, तेव्हा निर्णय ‘खेळाच्या वृत्तीला’ धरून द्यावा, असं पाचव्या नियमात सरळ आलं.

मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा वाटतो तो 1995 चा बदल, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. तोवर लाथ मारणं, पाडणं हे हेतुपुरस्सर केलं तरच फाऊल धरत. 1995 पासून हेतू बाजूला पडला. रेफरीला ते निष्काळजी, बेदरकार किंवा गरजेपेक्षा जास्त जोर लावून केलेलं वाटलं की पुरे. मोठ्यांच्या खेळात हे रास्तच होतं, कारण ‘मुद्दाम नाही केलं’ ही सबब संपली. पण आठ वर्षांचं पोर तर जन्मजात निष्काळजी! त्याचा पाय चेंडूऐवजी समोरच्याच्या नडगीवर पडतो तो वाईट हेतूने नव्हे, पाय अजून ताब्यात नसतो म्हणून. अक्षरशः नियम लावला तर दर मिनिटाला शिट्टी वाजेल. मग रेफरी मनाशी तोलतो: कुणाला लागलं का, कुणाचा चेंडू यामुळे गेला का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो ‘खेळा, खेळा’ म्हणत पुढे धावतो.

याच्या उलटही होतं. दुखापत गंभीर असेल तरच खेळ थांबवा, किरकोळ असेल तर चेंडू बाहेर जाईपर्यंत चालू द्या, असं नियम सांगतो. सहा वर्षांची मुलगी गुडघा धरून रडत बसली की शहाणा रेफरी हा हिशेब करत बसत नाही, लगेच शिट्टी मारतो. थ्रो-इन, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकणं, चुकला तर चेंडू समोरच्या संघाला जायला हवा. अगदी लहानांच्या सामन्यात बरेच रेफरी पाय कसे ठेवायचे ते दाखवून त्यालाच पुन्हा टाकायला लावतात. हेडिंगमुळे, म्हणजे चेंडू डोक्याने मारण्यामुळे, नवा पेच आला. डोक्याच्या दुखापतींवरून झालेल्या दाव्यात तडजोड झाल्यावर नोव्हेंबर 2015 मध्ये यूएस सॉकर या अमेरिकेतल्या फुटबॉल महासंघाने 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग करायला बंदी जाहीर केली. मुद्दाम केलं तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी किक. म्हणजे फाऊलमधून काढलेला ‘हेतू’ इथे मागच्या दाराने आत आला, आणि मुलाने डोकं घातलं की चेंडूच येऊन आदळला, हे रेफरीने ओळखायचं.

हा रेफरी तरी कोण? पिवळं-लाल कार्ड ज्यांनी सुचवलं आणि 1970 च्या वर्ल्ड कपपासून ज्याचा वापर सुरू झाला, ते केन ॲस्टन पुढे एवायएसओ या मुलांच्या अमेरिकन संघटनेच्या रेफरींना शिकवायला जात. पण शिकणाऱ्यांत पालक असतात, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलंमुलीही. चाळिशीतला कोच कडेवरून ओरडत असताना ‘माझ्या मते’ म्हणणं या वयात सोपं नाही. डिसेंबर 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे तरुण खेळाडूंनी सामन्यानंतर लाइन्समनला मारहाण केली आणि त्यात तो गेला. इंग्लंडने 2008 मध्येच ‘रिस्पेक्ट’ मोहीम काढून पालकांना दोरीमागे उभं केलं होतं. 2017 मध्ये युवा आणि स्थानिक फुटबॉलसाठी खेळाडूला ठरावीक मिनिटं बाहेर बसवण्याची मुभा मिळाली. 2019 पासून इंग्लंडच्या स्थानिक सामन्यांत रेफरीशी हुज्जत घातली तर पिवळ्या कार्डासोबत 10 मिनिटं बाहेर. सामना 90 मिनिटांपेक्षा छोटा असेल तर 8. हुज्जत कशाला म्हणायचं आणि वैतागून निघालेला शब्द कुठला, ते पुन्हा रेफरीनेच ठरवायचं.