पेटीतलं अर्धवट काम: ती गोधडी आहे की पॅचवर्क?

दिवाळीच्या सफाईत लोखंडी पेटीच्या तळातून दोन गाठोडी निघाली. एक सासूबाईंचं, एक माझं. त्यांच्या गाठोड्यात गोधडी होती, चारी कडांनी वीतभर शिवत आणलेली आणि मधात मोकळी. शेवटच्या टाक्यात सुई तशीच खोचलेली, गंजून लाल. माझ्या गाठोड्यात पॅचवर्क. बारा वर्षांपूर्वी एका उन्हाळी वर्गात हौसेनं सुरू केलेलं. कापडाच्या चौकोनांच्या तेरापैकी आठ रांगा जोडलेल्या, उरलेले चौकोन सोनपापडीच्या डब्यात. दोन्ही ऊन दाखवायला गच्चीवर पसरली, तर शेजारच्या काकूंनी कठड्यावरून विचारलं, "आज दोन-दोन गोधड्या काढल्या का?"

"गोधडी एकच आहे," सासूबाई म्हणाल्या. "दुसरं काय आहे ते तिले विचारा."

मला तो टोमणा वाटला. दोन्ही शेवटी चिंध्यांचीच पांघरुणं, असं म्हणत मी दोन्ही एकाच पद्धतीनं पूर्ण करायला बसले आणि महिनाभरात दोन्ही बिघडवून ठेवली.

ओळखायची खूण पाठीवर असते. गोधडी उलटी करा, पाठही वरच्यासारखीच दिसेल: अख्खं जुनेर, म्हणजे वापरून विरलेलं लुगडं, आणि त्यावर धावदोऱ्याच्या ओळी. ठिगळं असलीच तर ती अख्ख्या कापडावर वरून बसवलेली असतात. ठिगळाची कड नखानं उचलून बघा, खाली कापड लागतं. पॅचवर्क उलटं केलं की शिवणींच्या आतल्या कडा, सुटलेले धागे, सगळा संसार उघडा पडतो. तिथं चौकोनाखाली काहीच नसतं, चौकोन हेच कापड. एक शिवण उसवली की आरपार भोक. (पाठ लावून पूर्ण झालेलं पॅचवर्क असेल तर ही खूण चालत नाही, पण ते पेटीत कशाला पडेल!)

गोधडीत थर आणि टाका महत्त्वाचे. ठिगळ नसलं तरी ती गोधडीच. पॅचवर्कचं सगळं जोडण्यात आहे. त्यामुळे 'अर्धवट' या शब्दाचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा लागतो. सासूबाईंची गोधडी अर्धी असली तरी शिवलेला भाग पूर्ण होता, पायावर घेतली असती तर ऊब दिली असती. माझ्या तेरा रांगा जोडून झाल्या असत्या तरी ते नुसतं वरचं साल. त्याला मधली भर हवी, पाठ हवी, तिन्ही थरांतून टाका हवा आणि कडेला पट्टी हवी. बारा वर्षं मी समजत होते की अर्ध्याहून जास्त झालंय. तेव्हा कुठे सुरुवात संपत आली होती.

पहिली चूक कापडाची झाली. डब्यातले चौकोन कमी पडले म्हणून मी सासूबाईंच्या गाठोड्यातलं एक जुनं लुगडं घेतलं आणि पाच-पाच इंचांचे चौकोन कापले. रंग सुंदर होता, विटक्या विटेसारखा. शिवताना काही वाटलं नाही. इस्त्री करताना रांग जराशी ताणली आणि शिवणीच्या कडेनं कापड टरकलं, एकदा नाही, चार ठिकाणी. शिवण तशीच घट्ट, तिच्या शेजारचं कापड गेलेलं. पॅचवर्कमध्ये दोन तुकडे एकमेकांना धरून असतात ते पाव इंचाच्या मार्जिनवर. सगळा ताण त्या एका रेषेवर येतो, आणि झिजलेल्या कापडाला तेवढंच सोसत नाही. तेच लुगडं गोधडीत गेलं असतं तर दहा वर्षं टिकलं असतं, कारण गोधडीत बोटभर अंतरावर टाका असतो आणि ताण सगळ्या अंगावर वाटला जातो. शिवाय खाली-वर आणखी थर धरून असतात. विरलेल्या कापडासाठीच ती रीत बसली आहे. म्हणून जुनेर गोधडीला आणि धड कापडाची कतरण पॅचवर्कला, हा माझा आता नियम आहे.

उलटी चूकही होते. गोधडीला वरून नव्या, न धुतलेल्या ब्लाउजपीसचं ठिगळ लावलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि खालचं जुनेर आटत नाही, कारण ते शंभरदा धुवून झालेलं असतं. मग ठिगळाभोवती चुण्या पडतात. त्यात ते लाल किंवा गडद निळं असलं तर रंगही सोडतं. नवं कापड दोन्हीत वापरता येतं, पण आधी भिजवून, वाळवून. आणि ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं. फडकं रंगलं तर तो तुकडा बाहेर.

ब्लाउजपीसवरून आठवलं. आपल्याकडे प्रत्येकीच्या कपाटात हळदीकुंकवाच्या ब्लाउजपीसांचा ढीग असतो आणि पॅचवर्क म्हटलं की पहिला हात तिकडेच जातो. त्यातले निम्मे तरी सुती नसतात. एक धागा काढून चिमट्यात धरायचा आणि वाटीवर जाळून बघायचा. कागदासारखा वास येऊन भुरभुरीत राख पडली तर सुती, वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर वाईट असतं असं नाही, पण सुतीशेजारी जोडलं की एक आटतं, दुसरं नाही, आणि गरम इस्त्री फिरवली तर एक चकाकतं. माझ्या ढिगातून छत्तीसपैकी चौदा कामाचे निघाले. बाकीचे पुन्हा हळदीकुंकवाला फिरतील, त्यांचं प्राक्तन तेच. कमी पडलेले चौकोन शेवटी शिंप्याकडच्या कतरणीतून आणि नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून आणलेल्या कटपीसमधून भागवले.

दुसरी चूक मापाची, आणि ही फक्त पॅचवर्कची. गोधडीला माप लागत नाही. नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर असतं, त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की झालं. दोन-दोन बाजूला बाजू जोडून रुंद करा किंवा चारही एकावर एक घाला, कुठं बोटभर कमी-जास्त झालं तर दुमडून टाका. पॅचवर्क असं दुमडू देत नाही. माझे चौकोन पाच इंचांचे कापलेले. दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच, म्हणजे शिंप्याच्या भाषेत दोन-दोन सूत, मार्जिनमध्ये गेले की साडेचार उरतात. अशा वीस चौकोनांची रांग नव्वद इंच. जुन्या आठ रांगा बरोबर नव्वद भरल्या. नववी रांग शिवली ती पंच्याऐंशी.

आधी वाटलं चौकोन कमी घेतले. दोनदा मोजले, वीसच होते. मग लक्षात आलं की जुन्या रांगा हातमशीनवर शिवल्या होत्या आणि नववी मोटारच्या नव्या मशीनवर. दोन्हीकडे मी मशीनच्या फुटाच्या (सुईजवळ कापड दाबून धरतो तो) कडेनं टीप घातली. जुन्या मशीनच्या फुटाची कड सुईपासून दोन सुतावर आहे, नव्याची तीन. एका बाजूला एक सूत जास्त म्हणजे एका चौकोनामागे दोन सूत, म्हणजेच पाव इंच. वीस चौकोनांना पाच इंच. एका सुताची ही करामत! आता नव्या मशीनच्या पत्र्यावर सुईपासून दोन सूत अंतर मोजून चिकटपट्टी लावली आहे आणि कापड तिच्या कडेनं जातं. जुनं पॅचवर्क पुढे न्यायचं असेल तर पहिलं काम हे: शिवून झालेला चौकोन मोजा. कापलेला मोजून उपयोग नाही.

तिसरा घोटाळा गोधडीवर केला आणि तो सगळ्यात शिकवून गेला. वर्गात सांगितलं होतं की तिन्ही थर जोडताना टाका मधोमध सुरू करायचा आणि बाहेर कडांकडे जायचं. मी तेच गोधडीला लावलं. कडेनं वीतभर शिवलेलं होतंच, मी मधून सुरू केलं. तीन दिवसांनी मधला भाग आणि कडेचा भाग यांच्यामध्ये गोधडीला हे एवढं पोट आलं, कुठून उशी घातल्यासारखं.

"हे काय करून राहिली तू?" सासूबाई खाली बसून हात फिरवत म्हणाल्या. "आम्ही बाहेरून आत येतो. तू आतून बाहेर निघाली. मधात कापड जाईन कुठं?"

शिवताना सुई वरचा थर थोडा-थोडा पुढे ढकलते. ढकललेलं कापड कुठं तरी जायला हवं. पॅचवर्कच्या कडा शेवटपर्यंत उघड्या असतात, म्हणून ते मधून बाहेर रेटतात आणि जास्तीचं शेवटी कापून पट्टी लावतात. गोधडीच्या कडा पहिल्याच दिवशी आत दुमडून बंद होतात. मग जास्तीचं आतच सरकतं, आणि दर फेरीला हातानं थोपटून, कुठं टाक्यात जिरवत, कुठं बारीक चुणी घेत मधापर्यंत न्यावं लागतं. मी दोन्हीकडून रेटून त्याला कोंडलं होतं. मधला भाग पूर्ण उसवला. मग गोधडी फरशीवर पसरून कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन पिठाचे डबे ठेवले, तळहातानं सगळं सपाट केलं आणि वीत-वीत अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घातले. जुने कच्चे टाके पेटीतल्या वर्षांत सुटून गेलेच होते. त्यानंतर शेवटच्या जुन्या ओळीपासून एक बोट आत, असं फेऱ्या मारत गेले.

पुढे टाक्याच्या लांबीवरून सासूबाईंची बोलणी बसली. माझे टाके मोठे होते, मला वाटलं लवकर होईल. त्यांनी पायाचं बोट टाक्याखाली घालून दाखवलं. "जोडवं अडकते ह्याच्यात. लेकराची बोटं अडकतात. उसव." लहान टाका नीटनेटका दिसतो म्हणून घेतात असं मी इतकी वर्षं समजत होते.

पॅचवर्कला टाक्यांची एवढी गर्दी लागतेच असं नाही. मध्ये काय भरलंय त्यावर ते ठरतं. सुटा कापूस भरला तर टाके जवळ हवेत, नाही तर धुतल्यावर गोळे होतात. चिकटवून केलेली तयार भर असेल तर वीतभर अंतरही चालतं, तिच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. (पिंजलेला कापूस ठासून भरतात आणि चार मोठे टाके घालतात ती रजई किंवा दुलई, ती घरी धुवायची नसते. तिला ह्या भानगडीत आणू नका.) नागपुरात मला तयार भर पटत नाही. डिसेंबर-जानेवारीत थोडे दिवस पारा दहाच्या खाली जातो, तेवढ्यासाठी वर्षभर जाडजूड पांघरूण सांभाळायचं? उन्हाळ्यात कूलरसमोर पहाटे पायावर घ्यायला पातळच बरं. म्हणून माझ्या पॅचवर्कच्या पोटात मी आजेसासऱ्यांच्या वेळचं एक धोतर घातलं. एम्प्रेस मिलचं कापड, सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे. 1877 साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी आता नाही, जागेवर मॉल आहे. धोतर मात्र चाळणीसारखं विरूनही लोण्यासारखं मऊ. चौकोन म्हणून ते एक दिवस टिकलं नसतं, मधला थर म्हणून छान बसलं.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग फरक राहिला कुठं? सीमा पुसट आहेच. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका शेतावरच्या विटक्या कामाच्या कपड्यांतून क्विल्ट शिवत. 2002 साली ती ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागली. कापड जुनं, पण रीत जोडायची, म्हणून ते पॅचवर्कच. इकडे उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी बघितली तर आधी चौकोन-चौकोन दिसतात आणि पॅचवर्क वाटतं. पण त्या तुकडे थेट खालच्या साडीवर ठेवून कडेपासून आत शिवत जातात. चारी कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून फुलं लावल्याशिवाय कवंदी पूर्ण मानत नाहीत. ती आपल्या गोधडीची बहीण. दिसण्यावर जाल तर दोन्हीकडे फसाल.

गंजलेल्या सुईचा डाग राहिलाय. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं की सुती कापडावरून गंज जातो, पण सोबत रंगही उडतो, म्हणून मी त्याच्यावर ठिगळ मारलं. पेटीतली जुनी रिळं फेकली. हातभर दोरा ओढून झटका दिल्यावर तुटला तर तो दोरा कामाचा नाही, कितीही शोभेचा रंग असो.

वाळवतानाही दोन्हीचं सारखं नाही. ओली गोधडी प्रचंड जड होते. एका दोरीवर टाकली तर मधली घडी ताणते आणि दोरीही तुटते, आमची तुटली. दोन दोऱ्यांवर पसरून टाकायची, ऊन कितीही कडक असलं तरी बिघडत नाही, तिचे रंग आधीच उडून झालेले असतात. पॅचवर्क पाठ वर करून सावलीत. मे महिन्यातल्या आमच्या गच्चीवर सावलीतही तासाभरात खडखडीत वाळतं.